घर पाहावे आषाढात

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. घर बांधताना किती पैसा लागतो आणि किती दगदग होते, हे सांगणारी ती म्हण. दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेताना काय पाहावे, याविषयी ती काहीच सांगत नाही. कारण उघड आहे. गावातले घर सहसा विकले जात नसे. आजोबांनी बांधले, त्यात नातू वाढला. कोणत्या भिंतीत भेंडे आहेत आणि कोणत्या भिंतीत नुसती माती, कोणती तुळई सागाची आणि कोणती आंब्याची, मागच्या पडवीत ओल कुठून येते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असे. घराबरोबर घराची माहितीही वारशाने येत असे.

घर विकले की ही माहिती तुटते. विकणाऱ्याला ती असते, घेणाऱ्याला नसते. घराची पाहणी म्हणजे ही तुटलेली माहिती भिंतींकडून, लाकडाकडून आणि जमिनीकडून पुन्हा मिळवणे. हे काम माणूस कसकसे करत आला, त्याचा थोडा इतिहास येथे पाहू. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हा मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. येथे सवयीचे जुने नाव वापरले आहे.) सह्याद्रीच्या ऐन धारेला लागून असलेला हा भाग. पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला नसरापूर-किकवीच्या बाजूस तो झपाट्याने कमी होत जाणारा. एकाच दिवसाच्या सहलीत कुडाची, मातीची, दगड-चुन्याची आणि सिमेंट-काँक्रीटची अशी चारही प्रकारची घरे येथे पाहायला मिळतात.

या भागात घर किंवा जागा पाहायला लोक येतात ते बहुधा एप्रिल-मे महिन्यांत. शाळांना सुटी असते, रस्ते चांगले असतात. पण नेमका हाच काळ पाहणीला सर्वांत वाईट. सहा-सात महिने पाऊस नसल्याने भिंती खणखणीत वाळलेल्या असतात, ओलीचे डाग फिकट झालेले असतात आणि त्यावर नवा रंग दिलेला असतो. गिऱ्हाईक रस्ता पाहते, पाणी पाहते, दारे कोणत्या दिशेला आहेत ते पाहते. मग वकिलाकडे जाऊन सात-बारा किंवा मिळकत पत्रिका तपासून घेते, मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यायला लावते. हे सारे योग्यच आहे. पण कागदांसाठी तीस वर्षे मागे जाणारा माणूस भिंतींसाठी अर्धा तासही देत नाही, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे. भिंती पाहायच्याच असतील तर त्या आषाढात पाहाव्यात.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गाव वसवताना घरे पांढरीत आणि नांगर काळीत, हा संकेत होता. पांढरीचा रंग काही अंशी वस्तीमुळेच आलेला असतो. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांचे थर तेथे साचतात. तरीही या विभागणीत जमिनीची एक पारख दडलेली आहे.

आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनते. तिच्यातील चिकणमातीच्या कणांची रचना पापुद्र्यांसारखी असते. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांमध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. शेतकऱ्याला हे फायद्याचे, कारण जमीन आपोआप उलटीपालटी होते. पण अशा मातीवर उथळ पाया घातला तर घर दर वर्षी किंचित वर उचलले जाते आणि पुन्हा खाली बसते. शिवाय ते सगळीकडे सारखे हलत नाही. घराच्या मध्यभागी, छपराखाली माती कोरडी राहते आणि कडेला भिजते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. हे ज्यांना अनुभवाने माहीत होते त्यांनी घरे मुरमाड उंचवट्यावर बांधली आणि काळी शेतीला ठेवली.

आज विकले जाणारे बरेचसे भूखंड बिनशेती केलेले, म्हणजे मुळात काळीतले असतात. कागदावर जमीन बिनशेती होते. मातीचा स्वभाव तसाच राहतो.

जमीन तपासण्याची लिखित कृतीही आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात वास्तुविद्येचे एक प्रकरण आहे. त्यातली एक परीक्षा अशी : एक हात लांब-रुंद-खोल खड्डा खणावा आणि काढलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरावी. माती कमी पडली तर जागा वाईट, बरोबर पुरली तर मध्यम, उरली तर उत्तम. दुसरी परीक्षा पाण्याची : खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे, पाणी उणे झाले नाही तर जागा चांगली.

त्या प्रकरणात शुभाशुभाच्याही पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्या येथे सोडून दिल्या आहेत. पण या दोन परीक्षा शाळेच्या आवारात करून पाहण्याजोग्या आहेत. घट्ट बसलेली माती खणली की तिच्या ढेकळांमध्ये हवा शिरते आणि ती जास्त जागा व्यापते, म्हणून उरते. भुसभुशीत, भराव टाकलेली माती पुन्हा भरताना उलट दबते, म्हणून कमी पडते. म्हणजे ही जमिनीच्या घनतेची परीक्षा झाली. पाण्याची परीक्षा जमिनीच्या पाझराची. आजचा अभियंता यासाठी निराळी उपकरणे वापरतो, पण विचारलेले प्रश्न तेच आहेत.

मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. काळी माती या दोन्ही परीक्षांत छान गुण मिळवून उत्तीर्ण होते! ती घट्ट असते, म्हणून खणल्यावर उरते. भिजून फुगल्यावर पाणी धरून ठेवते. तिचा दोष ऋतू बदलल्यावर दिसतो आणि एका दिवसाची परीक्षा तो पकडू शकत नाही. कोणतीही चाचणी काय सांगते याच्याइतकेच ती काय सांगत नाही हेही महत्त्वाचे असते.

गडांची वार्षिक तपासणी

राजगड आणि तोरणा हे दोन्ही गड वेल्हे तालुक्यात. राजगड ही शिवाजी महाराजांची रायगडाच्या आधीची राजधानी. इतक्या उंचीवर, इतक्या पावसात दगडी तट उभे ठेवणे हे बांधण्याइतकेच कठीण काम होते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधण्याआधी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, हा त्यातला उपदेश प्रसिद्ध आहे. त्याहून कमी प्रसिद्ध, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा भाग देखभालीचा आहे. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढावीत, तटावरचे आणि तटाखालचे गवत जाळून गड मोकळा करावा, असे अमात्य सांगतात.

यामागचे कारण आपण कोणत्याही जुन्या वाड्याच्या भिंतीवर पाहू शकतो. पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा उंबराचे बी दगडांच्या सांध्यात पडते. मूळ केसासारखे बारीक असते तेव्हा ते सांध्यातल्या ओलीच्या मागे आत जाते. मग ते जाड होऊ लागते आणि पाचरीसारखे दगड दूर सारते. त्या फटीतून पावसाचे पाणी शिरते, आतली माती-चुना वाहून जातो. त्यामुळे घर पाहायला जाल तेव्हा भिंतीत पिंपळाचे रोपटे दिसले तर त्याला रोपटे न समजता खूण समजावे. तेथे ओल आहे, सांधा मोकळा आहे, आणि ही पहिलीच वेळ नसेल तर आत जुनी मुळेही असतील.

तटावरची झाडी काढायला उतरलेला माणूस तटाची प्रत्येक फूट जवळून पाहणार, हेही ओघाने आलेच.

सुताराची सळई आणि गवंड्याचा ओळंबा

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. आजच्या वेल्हे तालुक्याचा मुलूखही याच संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. राजधानीचे गाव असल्याने राजवाड्याच्या आसपास वाडे उभे राहिले. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, मधल्या भिंती भेंड्यांच्या किंवा मातीच्या, वर कौलारू छप्पर, अशी त्यांची साधारण रचना. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील वाड्या-वस्त्यांवर कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपून केलेल्या भिंती असत. पश्चिमेच्या झडीपासून त्या वाचाव्यात म्हणून पावसाळ्याआधी बाहेरून गवता-पेंढ्याचा आडोसा बांधत.

असे जुने घर घ्यायचे तर जाणता माणूस बरोबर एक सुतार आणि एक गवंडी नेत असे. सुतार प्रथम खांब पाहत नसे. तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे तो सळई किंवा टोच्या खुपसून पाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. मोकळ्या हवेतले लाकूड लवकर वाळते. भिंतीत गाडलेले टोक मात्र मातीतली ओल शोषत राहते, म्हणून तुळई मधोमध भक्कम आणि टोकाशी भुसा, असे घडते. मग सुतार खांबावर हातोडीने टकटक करी. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, वाळवीने आतून पोखरलेल्याचा वेगळा. आडोशाला मातीच्या बारीक नळ्या वर चढताना दिसल्या की वाळवीचा रस्ता सापडला.

गवंडी ओळंबा सोडून भिंत पाही. भिंत एका बाजूला कलली असेल तर ते समजतेच, पण त्याहून वाईट म्हणजे भिंतीने पोट काढणे. जाड दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती दोन भिंतींची असते. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती व दगडांचे तुकडे भरलेले. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नसतील तर मधली भर पाण्याने सुटून खाली बसते आणि बाहेरच्या थराला ढकलते. मग भिंतीला पोट सुटते.

हा दोष किती भयंकर ठरू शकतो ते महाराष्ट्राने दोनदा पाहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मरण पावली. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या दोन थरांच्या जाड भिंती, त्यांत आरपार दगड नाहीत, आणि वर जाड मातीचे जड माळवद. अनेक ठिकाणी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती बाहेर कोसळल्या. त्यानंतरच्या पुनर्वसनात उभ्या भिंतीला भोक पाडून, त्यात आकडा केलेली सळई आणि काँक्रीट भरून नवे ‘आरपार दगड’ तयार करण्याची रीत वापरली गेली. १९९३ मध्येच भारतीय मानक संस्थेने मातीच्या व कमी ताकदीच्या दगडी बांधकामांसाठी भूकंपविषयक मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. भोरच्या बाजूला छप्पर उतरते आणि कौलारू, म्हणजे हलके. ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. भिंती मात्र त्याच जातीच्या.

पाण्याने मातीच्या भिंतीचे काय होते याचा धडाही याच मुलुखातून आला. पानशेत धरण वेल्हे तालुक्यात, आंबी नदीवर. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. कोरड्या मातीच्या भिंतीत कणांना चिकटवून ठेवते ते मातीतल्या उरल्यासुरल्या पाण्याचे बारीक पडदे आणि चिकणमाती. पूर्ण भिजली की हे पडदे नाहीसे होतात, भिंतीचे वजन वाढते आणि ताकद घटते. पूर ओसरल्यावर उभी दिसणारी भिंत त्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनीही बसू शकते. म्हणून पुरात भिजलेले मातीचे घर पाणी ओसरले म्हणून राहण्यायोग्य झाले असे कधीही मानू नये. याउलट भाटघर धरणाच्या पाण्यात वर्षाचे बरेच महिने बुडून राहणारे वेळवंडजवळचे कांबरेश्वराचे दगडी देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा दिसू लागते. मातीच्या भिंतीचा तेथे एका पावसाळ्यातच गाळ झाला असता.

मातीच्या जुन्या भिंतीला नव्याने सिमेंटचा गिलावा केलेला दिसला तर मी स्वतः दोनदा विचार करीन. जमिनीतली ओल केशाकर्षणाने भिंतीत चढतच असते. मातीचा गिलावा असेल तर ती बाहेर उडून जाते. सिमेंटच्या थराआड ती कोंडते आणि आणखी वर चढते. भिंतीला लोणा लागतो, आतल्या तुळईची टोके कुजतात. बाहेरून मात्र भिंत अगदी नवी दिसते.

दोष सांगायचा कोणी?

घर पडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न लिखित कायद्याइतकाच जुना आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या सुमारे ३,७५० वर्षांपूर्वीच्या संहितेत, घर कच्चे बांधल्याने मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त शासन सांगितले आहे. शिक्षा जबर आहे, पण ती घर पडल्यानंतरची.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याचे पहिलेच कर्तव्य असे आहे की, मालमत्तेतला महत्त्वाचा दोष त्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि सामान्य काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येण्याजोगा नसेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. वाक्य नीट पाहा. सामान्य काळजी घेतली असती तर जो दोष दिसला असता, त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. पोट काढलेली भिंत डोळ्यांना दिसत होती; ती पाहिली नाही ही चूक घेणाऱ्याची. रंगाआड दडवलेली वाळवी हा निराळा मामला.

ही काळजी घेऊ शकणारे शिकलेले लोकही याच शतकात तयार होऊ लागले. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तेच पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय. सार्वजनिक बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम अधिकारी शिकवून तयार करणे हा त्याचा हेतू होता. पूल, धरणे, कचेऱ्या यांची पाहणी करणारी माणसे मिळाली, पण ती सरकारी कामांसाठी. लंडनमध्ये १८६८ साली सर्वेक्षकांची संस्था स्थापन झाली आणि घर घेण्याआधी सर्वेक्षकाचा अहवाल घेण्याची प्रथा तेथे पुढे रुळली. अमेरिकेत घरतपासनिसांची राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये उभी राहिली. आपल्याकडे खासगी घर घेताना अशी पाहणी करवून घेण्याची रीत पडली नाही. सुतार-गवंड्याला बरोबर नेण्याची जुनी रीत मागे पडली आणि तिची जागा कोणी घेतली नाही. मधली पोकळी रंगाऱ्याने भरून काढली, असे म्हणायला हरकत नाही.

बांधकाम व्यावसायिकाकडून नवे घर घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने एक आधार दिला आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे. भोरमधला जुना वाडा एका कुटुंबाने दुसऱ्याला विकला तर मात्र हे कलम कामी येत नाही. तेथे १८८२ चेच वाक्य आणि आपले डोळे.

चुन्याला जे अमृत तेच सळईला विष

‘जुने नको, आम्ही काँक्रीटचे घेऊ,’ असे म्हणून ही चिंता मिटत नाही. वरंधा घाट उतरला की भोरच्या पलीकडे महाड. तेथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

काँक्रीट कसे आजारी पडते हे समजायला आठवी-नववीचे रसायनशास्त्र पुरे. जुन्या वाड्यांचा चुना बैलाच्या घाणीत मळला जाई. भिंतीत भरल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडी होते. चुन्याचे बांधकाम वर्षानुवर्षे घट्ट होत जाते ते यामुळे.

काँक्रीटमध्येही हीच क्रिया होते. पण येथे आत लोखंडी सळ्या असतात. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३. अशा परिस्थितीत सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तिला गंजू देत नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत सरकत सळईपर्यंत पोचला की सामू ९ च्या खाली येतो, हा थर टिकत नाही, आणि ओल व हवा मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो. प्रथम सळईच्या रेषेत सरळ भेग, मग तपकिरी डाग, मग स्लॅबचे खपले.

ही घुसखोरी किती आत आली आहे ते पाहायला आपल्या प्रयोगशाळेतलेच फिनॉल्फथॅलीन वापरतात. नुकत्याच फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर ते शिंपडावे. गुलाबी झालेला भाग अजून अल्कधर्मी, रंगहीन राहिलेला भाग निकामी झालेला. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचे संरक्षण संपले. पाडकामाच्या ठिकाणचा काँक्रीटचा तुकडा आणून हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. (द्रावण अल्कोहोलमध्ये केलेले असते, म्हणून जवळ ज्योत नको आणि तुकडा शिक्षकांनीच फोडावा.) काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारा स्प्रिंगचा हातोडा १९५० च्या सुमारास स्विस अभियंता अर्न्स्ट श्मिट याने तयार केला. आपल्याकडे त्याविषयीचे मानक १९९२ मध्ये आले. महाराष्ट्रात जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचा आग्रह त्यानंतर वाढला. मुंबईत ३० वर्षांपुढील इमारतींना स्थैर्याचे प्रमाणपत्र घेणे महापालिका कायद्याने बंधनकारक झाले आहे. पण हे सारे मुख्यतः मोठ्या शहरांतल्या इमारतींसाठी. तालुक्याच्या गावातल्या दोन मजली घराला कोणी विचारत नाही.

घरामागचा डोंगर

एक पाहणी घराच्या आत राहून होतच नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचला, दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे तेच घडले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. भोर-वेल्ह्याचे डोंगर याच सह्याद्रीचे. बेसॉल्टवर झिजलेल्या मातीचा थर, तीव्र उतार आणि दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस या तिन्ही गोष्टी येथेही आहेत. हवेशीर, छान देखावा असलेली जागा बऱ्याचदा अशाच उताराला कापून सपाट केलेली असते.

अशी जागा घेणाऱ्याने घराकडे पाठ करून वरच्या बाजूला चढून जावे. उतारावर चंद्रकोरीसारख्या नव्या भेगा आहेत का, झाडांचे बुंधे खालच्या बाजूला कलले आहेत का, पूर्वी नितळ असलेला झरा गढूळ झाला आहे का, कापलेल्या उताराला पाण्याची वाट ठेवली आहे का, हे पाहावे. आणि शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे की येथे पूर्वी घरे का नव्हती.

आता शाळेत करण्याजोगी एक पाहणी. बहुतेक शाळांच्या भिंतींना कुठे ना कुठे भेग असते. ती जुनी, थांबलेली आहे की वाढते आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. अभियंते पूर्वीपासून वापरत आले आहेत अशी एक युक्ती आहे. भेगेवर आडवी एक पातळ काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाची काच चालेल) ठेवून तिची दोन्ही टोके भेगेच्या दोन बाजूंना प्लॅस्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवावीत. गिलावा सुटा असेल तर आधी तेवढा खरवडून काढावा, नाहीतर गिलावाच सरकल्याचे कळेल, भिंतीचे नव्हे. काच ताणली जात नाही, त्यामुळे भिंत थोडीशी हलली तरी ती तडकते. पट्टी मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर असावी. शेजारी पेन्सिलने तारीख लिहावी. भेगेच्या दोन्ही टोकांवरही खूण करून तारीख घालावी, म्हणजे लांबी वाढली तर कळेल.

पट्ट्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर लगेच लावाव्यात. आषाढात, श्रावणात आणि पुन्हा दसऱ्याला पाहावे. काळ्या जमिनीवरच्या शाळेत पावसाळ्यात काही भेगा मिटतात आणि मार्चमध्ये पुन्हा उघडतात, म्हणून निरीक्षण वर्षभर चालू ठेवावे. एखादी पट्टी तडकली तर तिचे तुकडे तसेच ठेवून शेजारी दुसरी लावावी. दोन तारखांसह त्या भिंतीचा फोटो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत त्या भिंतीलगतचे बाक हलवावेत.